माडावरून पडलेल्या माणसाला किती कोड?

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मेडिकल कोडिंगचा ओझरता उल्लेख केला होता. यावेळचं टपाल उघडलं तर बहुतेक पत्रं त्यावरचीच. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डॉक्टरची नोंद वाचायची, त्यातलं निदान आणि उपचार ठरलेल्या अक्षर-आकड्यांत मांडायचे, आणि त्यावरून विमा कंपनी बिल चुकतं करते. मी आधी वॉर्डात नर्स होते, मग अमेरिकेतल्या इस्पितळांचे चार्ट, म्हणजे रुग्णांच्या नोंदी, कोड केले, दुसऱ्यांनी केलेले तपासले, आणि आता फोंड्यात नव्या मुलांना शिकवते. काही उत्तरं तिखट लागतील, तयारी ठेवा.

प्रश्न: ताई, माझं प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालंय. इथल्या एका क्लासवाल्यांनी तीन महिन्यांत सगळे महत्त्वाचे कोड पाठ करून घेतो आणि नोकरीची हमी देतो असं सांगितलंय. साधारण किती कोड पाठ करावे लागतात? (डिचोलीहून एक वाचक)

एकही नाही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून निदानासाठी आयसीडी-१०-सीएम ही कोडची यादी वापरतात. त्यात सत्तर हजारांवर कोड आहेत. त्याआधीच्या आयसीडी-९ मध्ये चौदा हजारांच्या घरात होते, तेही कुणी पाठ केले नव्हते. कोडरच्या सीपीसी या प्रमाणपत्र परीक्षेला तर कोडची पुस्तकं समोर उघडी ठेवूनच बसायचं असतं. चार तासांत शंभर प्रश्न, पास व्हायला ७० टक्के. ज्यांना वेळ पुरत नाही त्यांची अडचण पाठांतराची नसते, पुस्तक कुठे उघडायचं हे हाताला माहीत नसतं.

मग शिकायचं काय, ते एका चार्टवर दाखवते. हा चार्ट मी वर्गासाठी स्वतःच रचलाय. अठ्ठावन्न वर्षांचा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, माडावरून पडला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने लिहिलं: उजव्या हाताला कॉलिस फ्रॅक्चर (मनगटाजवळचं हाड मोडणं), हाड बसवून प्लास्टर घातलं. जुने आजार: मधुमेह, कायम इन्सुलिनवर, रक्तदाब, मूत्रपिंडाचा जुनाट आजार, तिसरी स्टेज. नोंद संपली.

नवा विद्यार्थी मधुमेहाला ई११.९ लावतो, रक्तदाबाला आय१०, किडनीला एन१८.३०. एकाखाली एक, दिसायला नीटनेटकं आणि साफ चुकीचं. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार एकाच माणसाला असतील, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असं डॉक्टरने स्पष्ट लिहिलं नसेल, तर नियम तो संबंध धरूनच चालतो. म्हणून ई११.२२. रक्तदाब आणि किडनीचंही तेच, म्हणून आय१० जातो आणि आय१२.९ येतो. एन१८.३० राहतो, पण स्टेज सांगण्यापुरता. कायमच्या इन्सुलिनचा झेड७९.४ वेगळा. आणि मधुमेह कुठल्या प्रकारचा हे डॉक्टरने लिहिलंच नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? इन्सुलिन दिसलं की निम्मा वर्ग पहिला प्रकार धरतो. नियम असा की प्रकार लिहिला नसेल तर दुसरा धरायचा, माणूस इन्सुलिनवर असला तरी.

आता हात. एस५२.५३१ए. यातल्या ५३१ मध्ये कॉलिस आणि उजवी बाजू दोन्ही आलं. शेवटच्या ए चा अर्थ पहिली भेट असा बहुतेक नोट्समध्ये लिहिलेला असतो, तो चुकीचा. दुखण्यावर प्रत्यक्ष उपचार चालू आहेत तोवर ए. पुढे हाड नीट जुळतंय ना हे दाखवायला तो आला की डी. आणि पडला कसा, त्याचाही कोड आहे. झाडावरून पडणे, डब्ल्यू१४. तो सातव्या अक्षरापर्यंत न्यायचा तर मधली रिकामी घरं एक्स घालून भरावी लागतात: डब्ल्यू१४.एक्सएक्सएक्सए. झाड माडाचं की ओकचं, याच्याशी पुस्तकाला देणंघेणं नाही. वर्गात इथे नेहमी हशा पिकतो, आणि नेमका हाच कोड सगळ्यांच्या कायम लक्षात राहतो.

एवढ्या एका चार्टमध्ये शरीररचना आली, नियम आले आणि डॉक्टरची भाषाही आली. म्हणून क्लासवाल्यांना विचार: किती चार्ट सोडवून घेणार? माझा चुकलेला चार्ट कोण तपासणार, आणि त्या माणसाने प्रत्यक्ष किती वर्षं कोडिंग केलंय? पुस्तकं कुठल्या वर्षाची? आयसीडीचे मुख्य बदल दरवर्षी १ ऑक्टोबरला लागू होतात, डॉक्टरच्या कामाचे सीपीटी कोड १ जानेवारीला बदलतात. तीन वर्षांपूर्वीच्या झेरॉक्सवर शिकवणारे मी पाहिलेत. नोकरीच्या हमीचं म्हणशील तर ती लेखी माग आणि त्यांचा चेहरा बघ. प्राणिशास्त्र झालंय ही तुझी जमेची बाजू. अपेंडिक्स कुठल्या बाजूला असतं हे तरी तुला सांगावं लागणार नाही.

प्रश्न: मुलीला बेंगळुरूच्या कंपनीत कोडिंगची नोकरी मिळतेय. अमेरिकेचं काम म्हणजे रात्रपाळी, असं सगळे म्हणतात. पाठवावं का? (वाळपईहून एक आई)

काकी, नेमणूकपत्रात पदाचं नाव काय लिहिलंय ते आधी बघा. कोडर असेल तर काम बहुधा दिवसाचंच. चार्ट संगणकावर आलेला असतो, त्यासाठी अमेरिकेतलं कुणी जागं असायची गरज नाही. एआर कॉलिंग लिहिलं असेल तर ते वेगळं काम. त्यात अडकलेल्या बिलांसाठी तिथल्या विमा कंपन्यांना फोन करायचे असतात, म्हणून रात्रपाळी. जाहिरातीत दोन्ही एकाच मथळ्याखाली येतात आणि मुली मुलाखतीला पोचल्यावर कळतं. कॉलिंग वाईट नाही, पण कोडिंग म्हणून बोलावून कॉलिंगला बसवणं वाईट.

आणखी एक. कामाच्या जागी मोबाईल बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, टेबलावर कागद-पेनसुद्धा चालत नाही. अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याने रुग्णाची माहिती जपायची जबाबदारी काम करून देणाऱ्या कंपनीवरही येते. दुपारभर फोन उचलला नाही म्हणून घाबरू नका. चवथीच्या रजेचं मात्र नोकरी घेतानाच बोलून घ्यायला सांगा. तिथल्या व्यवस्थापकाला एक दिवसाची चतुर्थी माहीत असते, गोव्याची चवथ नव्हे.

प्रश्न: मी जीएनएम आहे, नऊ वर्षं मडगावात वॉर्डात काढली. पाठीच्या दुखण्यामुळे आता उभ्याने ड्यूटी होत नाही. नर्सला कोडिंग सोपं जातं का? आणि सीपीसीच्या पुढे ए लावतात तो काय प्रकार? (मडगावहून एक वाचक)

सोपं जातं आणि म्हणूनच अवघड जातं. हे मी नर्स म्हणून सांगते. आपल्याला नोंदीत नसलेलंही दिसतं. ताप, खोकला, छातीत एका बाजूला श्वासाचा आवाज कमी, डॉक्टरने अँटिबायोटिक सुरू केलंय. आपल्या डोक्यात न्यूमोनिया पक्का झालेला असतो. पण ओपीडीच्या नोंदीत डॉक्टरने न्यूमोनियाचा संशय एवढंच लिहिलं असेल तर न्यूमोनियाचा कोड लावायचा नाही. ताप आणि खोकला, बस्स. तोच रुग्ण दाखल झाला आणि डिस्चार्जच्या वेळीही बहुधा न्यूमोनिया असंच लिहिलं, तर इस्पितळाच्या कोडिंगमध्ये तो झालाच असं धरून कोड लावतात. दोन ठिकाणी दोन नियम. नर्सच्या मनाला हे पटायला वेळ लागतो.

तसंच रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनचं. आकडा बघून किडनीचा आजार आपल्याला कळतो, पण निदान लिहायचं डॉक्टरने. कोडर फार तर डॉक्टरला लेखी क्वेरी पाठवतो, आणि तीही हवं ते उत्तर तोंडात घालणारी नको. रुग्णाला किडनीचा आजार आहे ना, असं नाही विचारायचं. हे आकडे दिसतात, यामागे आपल्या मते काय आहे, असं विचारायचं. वॉर्डात डॉक्टरांना हळूच आठवण करून द्यायची आपली जी सवय असते ना, ती इथे बाहेर ठेवून यावी लागते.

ए म्हणजे उमेदवार. परीक्षा पास झालात पण अनुभव नाही, तर प्रमाणपत्रावर सीपीसी-ए येतं. दोन वर्षांच्या कामाचा दाखला दिला की तो ए जातो. ही परीक्षा घेणारी संस्था एएपीसी, १९८८ सालची. दुसरी त्याहून जुनी, आहिमा, १९२८ ची. तिची सीसीएस परीक्षा दाखल रुग्णांच्या कोडिंगकडे जास्त झुकलेली. वॉर्डातून आलेल्या माणसाने पुढे सीसीएसचा विचार जरूर करावा असं माझं मत. सुरुवात सीपीसीनेच करा, कारण नोकरी देणारे आधी तेच विचारतात.

पाठीचं मात्र आधीच सांगते. उभं राहणं संपतं आणि बसणं सुरू होतं. खुर्ची चांगली घ्या.

प्रश्न: भाऊ स्विंडनला, मामा अबुधाबीत. सीपीसी करून दोन्हीकडे चालेल ना? (काणकोणहून एक वाचक)

अबुधाबीत चालेल. अमिरातीत आयसीडी-१०-सीएम आणि सीपीटीच वापरतात, त्यामुळे मामाकडची चौकशी आजच कर. सौदीत ऑस्ट्रेलियाची पद्धत आहे. भावाकडचा मार्ग वेगळा: ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-१० आणि शस्त्रक्रियांसाठी ओपीसीएस-४ चालते, आणि तिथली परीक्षाही त्यांची स्वतःची. शरीररचना आणि चार्ट वाचायची सवय दोन्हीकडे कामाची, सीपीसीचं प्रमाणपत्र मात्र भावाकडे नाही.

प्रश्न: सगळं अमेरिकेसाठीच का? गोव्याच्या इस्पितळांत या शिक्षणाचा उपयोग नाही का? (फोंड्याहून एक निवृत्त शिक्षक)

सर, हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार. माझ्या वर्गात हा कुणी विचारत नाही, कारण पगाराचा आकडा अमेरिकेच्या कामात मोठा दिसतो.

उपयोग आहे, फक्त त्याला कोडर असं नाव नसतं. प्रत्येक मोठ्या इस्पितळात मेडिकल रेकॉर्डचा विभाग असतो. गोमेकॉसारख्या (गोवा मेडिकल कॉलेज) ठिकाणी राज्यभरातून आणि सीमेपलीकडून सिंधुदुर्ग-कारवारचे रुग्ण येतात. त्यांचे कागद लावणं, निदानाला आयसीडी-१० चा कोड देणं, आकडेवारी वर पाठवणं, हे सगळं कुणीतरी करावंच लागतं. खाजगी इस्पितळात टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या) टेबलावर विम्याचे अर्ज भरतात, त्यातही निदानाच्या कोडला जागा असते. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही विमा योजना २०१६ पासून आहे, आयुष्मान भारत २०१८ पासून. तिथे पॅकेज ठरलेलं असतं, पण निवडलेलं पॅकेज आणि केस पेपर जुळत नसले की दावा अडकतो. कागद नीट वाचणाऱ्याची गरज इथेही तेवढीच.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मृत्यूच्या कारणाचा दाखला, इस्पितळातला फॉर्म ४. त्यात वर तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, आणि त्याखाली मूळ आजार, अशी उतरती मांडणी असते. पुष्कळदा पहिल्याच ओळीत कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडतात. हृदय आणि श्वास थांबणं हे तर प्रत्येकाच्याच बाबतीत होतं! समजा पावसाळ्यात शेतात राबणारा माणूस लेप्टोस्पायरोसिसने गेला. मूळ कारणाची ओळ कोरी राहिली तर त्या वर्षीच्या आकड्यांत लेप्टोचा एक मृत्यू कमी दिसणार, आणि पुढच्या वर्षी त्या गावात गोळ्या वाटायचं कुणाला सुचणार नाही. ही ओळ भरून घेण्यासाठी फॉर्म डॉक्टरकडे परत नेणारा कारकून मला दहा प्रमाणपत्रवाल्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

२०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या यादीत आरोग्य माहिती व्यवस्थापन हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून आलाय. पगार त्याने एका रात्रीत वाढत नाहीत. पण रेकॉर्ड रूम म्हणजे नको असलेल्या माणसाला पाठवायची जागा, ही समजूत तरी मोडायला लागेल. आपल्या पावसात कुबट झालेल्या फायलींच्या त्या खोल्या मी पाहिल्यात, म्हणून बोलते.

प्रश्न: एआय सगळे कोड लावणार आहे म्हणे. मग आता शिकून काय फायदा? (पेडण्याहून एक वाचक)

काही भाग मशीनकडे गेलाच आहे. छातीचा एक्स-रे, साधी पॅथॉलॉजी, ठराविक साच्यातले रिपोर्ट: तिथे सॉफ्टवेअर कोड सुचवतं, कुठे कुठे थेट लावूनही टाकतं. फक्त तेवढंच शिकून बसलेल्यांना त्रास होणार, हे खोटं कशाला बोलू? पण वरच्या पाडेलीचा चार्ट घे. समजा मशीनने फ्रॅक्चर, मधुमेह, रक्तदाब सगळं बरोबर उचललं. त्याच नोंदीत खाली डॉक्टरने लिहिलं असतं की किडनीचा आजार लहानपणीच्या संसर्गामुळे आहे, मधुमेहामुळे नाही, तर ई११.२२ काढावा लागला असता. ती ओळ तिसऱ्या पानावर, फिजिशियनच्या नोटमध्ये असते. मशीनने ती पकडली की नाही हे बघायला माणूस लागतो, आणि त्या माणसाला नियम मशीनइतकाच पक्का माहीत असावा लागतो.

म्हणून यंदापासून मी वर्गात कोरा चार्ट देण्याऐवजी निम्म्या वेळा आधीच कोड लावलेला चार्ट देते आणि चुका शोधायला सांगते. विमा कंपनीने नाकारलेलं बिल देते, का नाकारलं ते शोधा म्हणते. मुलं कुरकुरतात, कोरा चार्ट बरा होता म्हणतात. तू शिकणार असशील तर पहिल्या दिवसापासून असाच सराव माग.