वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचा बंपर

प्रश्न (रत्नागिरी) : माझ्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. पुढच्या बंपरच्या क्रोमवर गंजाचे ठिपके आले होते. गॅरेजमध्ये पेपर मारून वरून चंदेरी रंग दिला. चार महिन्यांत रंगाचे पापुद्रे सुटले. रंग हलका होता का?

रंग कितीही भारी असता तरी सुटलाच असता, कारण तो क्रोमवर मारला होता. बंपरवरचा क्रोमचा थर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो. तो गुळगुळीत आणि घट्ट असतो, त्यामुळे प्रायमरला पकड मिळत नाही. खरे राखण क्रोमखालचा निकेलचा थर करतो. या थराला कुठे सूक्ष्म छिद्र पडले की तिथे ओलावा शिरतो आणि निकेलऐवजी खालचे पोलाद गंजते, तेही एकाच बिंदूत खोल. समुद्राजवळच्या खारट हवेत हे आणखी झपाट्याने होते. तुम्हाला दिसलेले ठिपके त्या खड्ड्यांची तोंडे होती. वरून रंग दिला, आत गंज चालूच राहिला.

म्हणून आधी बंपर नीट तपासा. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून ठिपक्यांवर हलक्या हाताने घासा. गंज निघून खाली चमक दिसली, तर रंगाच्या वाटेला जाऊच नका. मेण लावा आणि क्रोम जपा. खाली पिवळसर झाक दिसली, तर तिथे निकेल उघडे पडले आहे. तांबूस खड्डे नखाला लागत असतील, तर दोनच मार्ग उरतात : पुन्हा क्रोम करून घेणे किंवा सगळा मुलामा उतरवून रंगवणे.

मुलामा उतरवण्याचे काम प्लेटिंगवाल्याकडेच द्या. तो टाकीत उलटा करंट देऊन क्रोम आणि निकेल दोन्ही काढतो. घरी अ‍ॅसिडमध्ये बुडवू नका. त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते आणि आसपासची सगळी हत्यारे गंजवते. ग्राइंडरने क्रोम उडवणेही टाळा, ती धूळ छातीत जायला नको.

प्रश्न (नाशिक) : मुलामा उतरवून आणला आहे. पुढची तयारी आणि रंगकाम घरी करायचे आहे. क्रम आणि प्रमाण सांगाल का?

उघडे पोलाद दमट हवेत काही तासांत तांबूस पडते. त्यामुळे ज्या दिवशी बंपर घरी येईल त्याच दिवशी प्रायमर लागेल अशी आखणी करा.

पोचे आधी काढा. मागून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरून पुढून हातोडीने हलके ठोकत जा, लांबीने (खड्डे बुजवायच्या पुटीने) पोचा लपवू नका. खड्ड्यांतला गंज ८० नंबरच्या पेपरने आणि तारेच्या ब्रशने काढा. गंज काढायला फॉस्फोरिक अ‍ॅसिडचे द्रावण वापरले, तर नंतर पाण्याने भरपूर धुऊन बंपर पूर्ण कोरडा करा. अ‍ॅसिडचा अंश राहिला तर वरचा एपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. शेवटी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा. एका फडक्याने ओले पुसायचे आणि सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचे. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर तेल फक्त इकडचे तिकडे होते. त्यात सिलिकॉन पॉलिशचा अंश असेल तर वरच्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे : बंपरची पाठ आधी रंगवा. समोरची बाजू सगळे रंगवतात. बंपर मात्र मागून, खालच्या आत वळलेल्या घडीतून कुजतो. चाकांनी उडवलेला चिखल तिथे साठतो आणि आठवडाभर ओला राहतो. ती घडी आणि बोल्टच्या भोकांच्या कडा छोट्या ब्रशने एपॉक्सी प्रायमर लावून आधी भरा, मग गनने पूर्ण पाठीवर दोन हात द्या. घडीच्या तळाशी पाणी जायला वाट असेल तर ती लांबीने किंवा सीलंटने बुजवू नका.

पुढच्या बाजूलाही एपॉक्सीचे दोन हात द्या, मध्ये १५ ते २० मिनिटे थांबा. दुसऱ्या दिवशी १८० च्या पेपरने घासून त्यावर लांबी लावा. लांबीचा थर २-३ मिलिमीटरच्या वर नको. १०० ग्रॅम लांबीला हार्डनर २ ग्रॅमच्या आसपास पुरतो. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला, तर त्यातले पेरॉक्साइड महिन्याभराने फिक्या रंगातून पिवळट डाग होऊन वर येते. लांबी घासून सर्फेसर (बारीक ओरखडे भरणारा प्रायमर) द्या, तो ४०० ने आणि मग ६०० च्या पाणी पेपरने घासा. त्यावर दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्या. रंग, हार्डनर आणि थिनर यांचे प्रमाण डब्यावरचेच पाळा, एका कंपनीच्या रंगात दुसरीचा हार्डनर घालू नका.

गनचा नोझल रंगासाठी १.३ ते १.४ मिलिमीटर, सर्फेसरसाठी १.६ ते १.८. अंतर १५ ते २० सेंटिमीटर. बंपरच्या टोकाच्या वळणावर हात आपोआप मंदावतो आणि ओघळ तिथेच येतात. म्हणून टोके आधी हलकी मारून घ्या, मग सरळ भाग. पुढच्या-मागच्या दोन्ही बंपरना, दोन्ही बाजूंनी, अर्धा लिटर प्रायमर आणि अर्धा लिटर रंग पुरतो.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने एकदा दम्याचा त्रास जडला की तो आयुष्यभर राहू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे काहीच उपयोगाचा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर तयारी घरी करा आणि शेवटचे रंगकाम बूथमध्ये करून घ्या.

प्रश्न (ठाणे) : जुलैत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला. सुकल्यावर पृष्ठभाग दुधाळ, धुरकट झाला.

थिनर झपाट्याने उडतो तेव्हा पत्रा थंड होतो, हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते आणि तीच पांढरी धुरकट दिसते. धुरकटपणा वरवरचा असेल तर कोरड्या दिवशी मंद उडणाऱ्या थिनरचा हलका हात दिल्यावर बहुधा जातो. नाही गेला तर घासून पुन्हा मारावा लागेल. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना बंपर रंगवू नका.

प्रश्न (कोल्हापूर) : पावडर कोटिंग जास्त टिकेल का? की क्रोम स्प्रे मारू?

पावडर कोटिंग टिकते, पण बंपर सरळ, पोचे नसलेला आणि लांबी न भरलेला हवा. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात. त्या तापात लांबी टिकत नाही, आणि जुन्या दुरुस्तीत शिसे-कथिल भरलेले असेल तर ते १८३ अंशांपासून वितळायला लागते. गंजाच्या खड्ड्यांत अडकलेली हवा भाजताना बाहेर येऊन टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडते. भट्टीत देण्याआधी बंपरवर चुंबक फिरवा. चुंबक जिथे सैल पडेल तिथे आत काहीतरी भरलेले आहे.

क्रोम स्प्रे शोभेच्या वस्तूंसाठी ठीक आहे. त्यावर क्लिअर (पारदर्शक थर) मारला की तो राखाडी पडतो, न मारला तर हाताने घासूनच निघतो.

प्रश्न (नागपूर) : अ‍ॅम्बेसेडरचा बंपर रंगवून बसवला. एक बाजू खाली दिसते. एक बोल्ट पहारीने रेटून बसवावा लागला. आता बोल्टजवळ रंगाला चीर गेली आहे.

तो बोल्ट आजच सैल करा. रेटून बसवलेला बंपर सतत ताणात राहतो, खड्ड्यातल्या प्रत्येक धक्क्याला तो ताण भोकाच्या कडेवर येतो आणि रंग तिथे फाटतो. चिरेतून पाणी आत गेले की गंज रंगाखालून पसरत जातो.

दोष बहुतेक वेळा बंपरचा नसून ब्रॅकेटचा असतो. दोन्ही ब्रॅकेट काढून एकमेकांना टेकवून पाहा, वाकलेले लगेच कळेल. डावे-उजवे अदलाबदल झाले नाहीत ना, तेही बघा. जुन्या अ‍ॅम्बेसेडरला इंची आटे आहेत. ३/८ यूएनएफच्या (बारीक इंची आट्यांच्या) बोल्टला ९/१६ चा पाना लागतो. त्या नटात मिलिमीटरचा बोल्ट रेटला तर आटे मरतात आणि पकड खोटी राहते.

गाडी सपाट जागेवर उभी करा, चारही चाकांत हवा सारखी भरा. ब्रॅकेट चॅसिसला हाताने आवळेल इतकेच लावा. एकाने बंपर धरायचा, दुसऱ्याने बोल्ट घालायचे. सगळे बोल्ट बसेपर्यंत एकही पक्का करू नका. मग दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची आणि बॉडीपासूनची फट टेपने मोजा. बरोबर आले की आधी बंपर-ब्रॅकेटचे बोल्ट आवळा, शेवटी चॅसिसचे. चौकोनी मानेच्या बोल्टसाठी भोकातला जादा रंग कानशीने आधीच काढा, नाहीतर मान वर राहते आणि नंतर बोल्ट फिरतो.

ब्रॅकेट टेकतो तिथे फक्त प्रायमर ठेवा. जाड रंगाचे थर वॉशरखाली दबतात आणि बोल्ट आपोआप सैल पडतो. याच कारणाने रंग मारल्यावर किमान सात दिवस बंपर बसवू नये. बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर, आट्यांवर थोडे कॉपर ग्रीस. चीर गेलेला भाग पोलादापर्यंत घासून, त्यावर एपॉक्सीपासून पुन्हा सुरुवात करा. बसवल्यावर २०० किलोमीटर चालवून सगळे नट एकदा पान्याने तपासा. पहिल्या फेरीत एखादा तरी पाव आटा फिरतोच.