पोर्टो रिकोला आई-बाबांसोबत ४ दिवस जातोय, ओल्ड सान हुआनमध्ये राहावं की बीचजवळ कोंडाडोत?

ओल्ड सान हुआनच घ्या, निदान पहिल्या २-३ रात्री तरी. दिवसा क्रूझची गर्दी असते पण संध्याकाळी जहाजं गेली की गल्ल्या एकदम मोकळ्या होतात, आणि ते बघायचं तर मुक्काम तिथेच पाहिजे, कोंडाडोहून येऊन-जाऊन ती मजा नाही. आम्ही पावसानंतर रात्री फिरत होतो, रस्त्याच्या निळसर विटा अशा चमकत होत्या की आई दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिली. त्या विटा दगडी नाहीत हं, लोखंड वितळवताना उरलेल्या मळीच्या आहेत, आणि ओल्या झाल्या की जाम घसरतात. आई-बाबांना ग्रिपवाले बूट घालायला सांगाच.

रूम बुक करताना दोन गोष्टी नक्की विचारा, लिफ्ट आहे का आणि खोली बारच्या वर तर नाही ना. जुन्या घरांचे जिने उभे असतात, गुडघ्यांचे हाल होतात, आणि वीकेंडला आवाज फार उशिरापर्यंत. कॅथेड्रलच्या आसपास बघा, तिथून १५३९ साली बांधायला घेतलेला एल मोरो किल्ला चालत जाण्यासारखा आहे, समोरच्या हिरवळीवर पोरं पतंग उडवतात, बाबा तिथून हलणार नाहीत.

पोहायला चांगला बीच मात्र जुन्या भागात नाही, त्यासाठी शेवटची रात्र कोंडाडोत काढा. गाडीही तेव्हाच घ्या, आधी घेतली तर पार्किंगनेच डोकं उठेल.