मीटरवर बारा, लोडवर तीनतेरा

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचा जुना अॅम्प्लिफायर हल्ली सतत ‘घूंऽऽ’ करतो. श्रावणात सप्ताहाला अखंड चालला, तेव्हापासून जास्तच. माइकच्या वायरी बदलून झाल्या. ट्रान्सफॉर्मर गेला का? (डिचोली)

उत्तर : ट्रान्सफॉर्मर बिचारा बहुधा निर्दोष आहे. व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. घरघर तशीच राहिली तर दोष पॉवर सप्लायमध्ये असण्याची शक्यता मोठी. व्हॉल्यूमबरोबर ती कमीजास्त झाली तर माइकच्या बाजूला शोधा. सप्लायचा असेल तर माझा पहिला संशय फिल्टर कपॅसिटरवर, म्हणजे डीसीतली लहर सपाट करणाऱ्या मोठ्या डब्यावर. त्याच्या आतलं द्रव इलेक्ट्रोलाइट उष्णतेने सुकतं. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा. बंद पेटीत अहोरात्र चाललेल्या अॅम्प्लिफायरचं काय झालं असेल ते बघा. डोकं फुगलेलं नाही म्हणजे कपॅसिटर चांगला, असं मात्र समजू नका. सपाट डोक्याचे, आतून कोरडेठाक मी भरपूर काढलेत.

मोजायचं तर अॅम्प्लिफायर चालू ठेवून, आवाज देऊन. कपॅसिटरवर मीटर एसी रेंजला लावा. स्वस्त मीटर त्या रेंजवर डीसीलाही भलताच आकडा दाखवतं, म्हणून लाल प्रोबच्या सिरीजमध्ये १ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला) कपॅसिटर घाला. १ अँपिअर लोडवर ४७०० मायक्रोफॅरडचा धड कपॅसिटर सुमारे २ व्होल्ट रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, देतो (शिखरापासून दरीपर्यंत, मीटर त्याच्या साधारण तिसरा हिस्सा दाखवेल). सुकून १००० वर आला की रिपल सुमारे चौपट. नवा घालताना व्होल्टेज जुन्याहून कमी नको, १०५ अंशांपर्यंत चालणारा घ्या आणि प्लस-मायनस दोनदा बघा.

अजून एक. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांची स्वतःची गुणगुण १०० हर्ट्झची असते, आणि ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे चार डायोड) धड असला तर स्पीकरमधली घरघरही १०० चीच. ब्रिजमधला एक डायोड आतून तुटला (ओपन झाला) की ती ५० वर, म्हणजे सप्तकभर खाली येते. तुमच्या पेटीवाल्यांना ऐकवा, ते माझ्यापेक्षा आधी सांगतील.

प्रश्न : कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) सीसीटीव्ही कॅमेरा दिवसभर ठीक चालतो, काळोख पडला की बंद-चालू होत राहतो. अॅडॉप्टर मोजला, १२.१ व्होल्ट. नवा आणला, तरी तेच. (सावईवेरे)

उत्तर : मीही एकदा असाच १२ व्होल्टचा आकडा बघून ‘ओके’ म्हटलं होतं, गिऱ्हाईक तीनदा परत आलं. चूक माझीच, मी अॅडॉप्टर मोजला, कॅमेरा नाही. काळोख झाला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि करंट वाढतो. समजा वायर ४० मीटर, जाऊन-येऊन ८०. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याला त्यात पावणेतीन ओहमच्या आसपास रोध. अर्धा अँपिअर वाहिला की जवळजवळ १.४ व्होल्ट वायरीतच संपले. त्यात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर असेल किंवा पावसाळी ओलीत सांधे हिरवे झाले असतील, तर आणखी पडझड. रात्री, कॅमेरा जोडलेला असताना, कॅमेऱ्याच्या टोकाला मोजा. १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली की पडणारं व्होल्टेज तिसऱ्या हिश्शावर येईल. तेवढा खर्च नको तर २४ व्होल्ट पाठवा आणि कॅमेऱ्यापाशी १२ चा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) बसवा. पाटाच्या पाण्यात २३० व्होल्टची वायर मात्र ओढू नका.

प्रश्न : दोन पिनांच्या एसएमपीएसवर (स्विच-मोड पॉवर सप्लायवर) चालणाऱ्या माझ्या उपकरणाच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. (पेडणे)

उत्तर : सप्लायची मेन्सची बाजू आणि आउटपुटची बाजू यांना जोडणाऱ्या वाय-कपॅसिटरमधून झिरपणारा सूक्ष्म करंट. नॉइज दाबायला तो मुद्दाम बसवलेला असतो. मीटर शंभराच्या वर व्होल्टही दाखवेल, पण त्यात जोर नसतो. तीन पिनांचा सप्लाय आणि खरं अर्थिंग हा उपाय. झटका जोरात बसत असेल तर इन्सुलेशन गेलंय; वापर थांबवा. सप्लाय उघडून बघू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ३२५ व्होल्टपर्यंत राहू शकतात.

प्रश्न : प्रोजेक्टसाठी बनवलेल्या ५ व्होल्ट बक कन्व्हर्टरवर ऑसिलोस्कोपला ३०० मिलिव्होल्टचे स्पाइक दिसतात. कपॅसिटर वाढवत गेलो, काही फरक नाही. (फर्मागुडी)

उत्तर : प्रोबचं टोक आउटपुटवरून उचला आणि त्याच प्रोबच्या ग्राउंड क्लिपला, सर्किटच्या ग्राउंडवरच, टेकवा. तरी स्पाइक दिसले? मग त्यातला बराचसा भाग तुमच्या प्रोबने पकडलेला आहे. ती १५ सेंटिमीटरची ग्राउंड वायर म्हणजे अँटेनाच. ती काढून टोकाला छोटी स्प्रिंग लावा, ऑसिलोस्कोपवरची २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा चालू करा आणि थेट आउटपुट कपॅसिटरच्या पायांवर मोजा. उरले तर मोठा इलेक्ट्रोलायटिक घालून उपयोग नाही, एवढ्या वेगाला तो उपयोगाचा राहत नाही. कन्व्हर्टरच्या आयसीच्या इनपुट पिनेला अगदी चिकटून ०.१ आणि १० मायक्रोफॅरडचे सिरॅमिक बसवा. ब्रेडबोर्डवर केलं असेल तर आधी तो सोडा.