लेदर सोफ्याची बुरशी, तेलाचे डाग आणि सोलणारं कव्हर : तुमचे प्रश्न

प्रश्न (रत्नागिरी): ताई, आम्ही मे महिन्यात मुलाकडे गेलो ते ऑगस्टमध्ये परत आलो, घर बंदच होतं. आता हॉलमधल्या लेदरच्या सोफ्यावर सगळीकडे पांढरट-हिरवट बुरशी आलीये आणि खोलीत कुबट वास येतोय. शेजारच्या वहिनी म्हणतात खोबरेल तेल चोळा, चकाचक होईल. करू का?

उत्तर: काकू, खोबरेल तेल अजिबात नको. तेलाने डाग दिसेनासे होतात म्हणून लोकांना वाटतं काम झालं, पण बुरशीला वाढायला ओलावा लागतो आणि खायला काहीतरी लागतं, धूळ, घाम, अंगाचं तेल असं काहीही चालतं, आणि तुम्ही वरून अजून तेल दिलंत तर पुढच्या पंधरवड्यात ती दुप्पट येणार. शिवाय लेदर काळपट पडतं ते वेगळंच.

आधी खात्री करा की ही बुरशीच आहे. कधीकधी लेदरच्या आतली चरबी वर येऊन पांढरी पावडर दिसते. हेअर ड्रायर लांबून थोडा वेळ मारा, पांढरं वितळून गायब झालं तर ती चरबी, मऊ कापडाने पुसली की विषय संपला. तसंच राहिलं तर बुरशी. तुमच्याकडे हिरवट आहे आणि वासही येतोय म्हणजे बुरशीच.

आता साफ करताना पहिली गोष्ट म्हणजे सोफा शक्यतो गॅलरीत किंवा पडवीत काढा, उचलत नसेल तर निदान खिडक्या सगळ्या उघडा आणि पंखा मात्र बंद ठेवा, नाहीतर सगळी बुरशी घरभर उडते. तोंडाला मास्क लावा, दमा असणाऱ्या माणसाने हे काम करूच नये. मऊ ब्रशने कोरडी बुरशी झाडून घ्या, शिवणींमध्ये आणि गादीच्या खाली खास करून. मग मेडिकलमध्ये जे सर्जिकल स्पिरिट मिळतं ते आणि पाणी अर्धं-अर्धं, त्यात सुती फडकं बुडवून अगदी घट्ट पिळायचं, हाताला जेमतेम ओलसर लागेल इतकंच, आणि हलक्या हाताने पुसायचं. पण त्याआधी सोफ्याच्या मागे खाली कुठेतरी दिसणार नाही अशा जागी करून बघा, फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबा.

ही सगळी पद्धत वर रंगाचा थर असलेल्या लेदरसाठी आहे. कसं ओळखायचं तर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच बसून राहिला तर थर आहे. मिनिटभरात शोषला जाऊन तिथे गडद डाग दिसला तर ते उघडं लेदर, म्हणजे अ‍ॅनिलिन किंवा त्यासारखं, त्याला स्पिरिट लावू नका, नुसतं कोरडं झाडा आणि बाकीचं लेदरचं काम करणाऱ्या माणसाकडे द्या. मखमलीसारखं स्वेडही तसंच.

पुसून झालं की सावलीत वाळवा. ऊन देऊ नका, कोकणात आपल्याला सवय असते सगळं उन्हात टाकायची पण लेदर उन्हात कडक होतं आणि रंग उडतो. पूर्ण सुकलं की मग पंखा लावा. आणि सोफा उलटा करून खालचं काळं कापड नक्की बघा, बऱ्याचदा खरी वस्ती तिथेच असते, फोमला वास असेल तर फोम बदलावा लागतो, वरून कितीही पुसलं तरी वास जात नाही.

पुढच्या पावसाळ्यासाठी सांगते. सोफा भिंतीपासून निदान वीतभर पुढे घ्या, कोकणातल्या भिंती पावसात ओल धरतात. प्लॅस्टिकचं कव्हर घालून जाऊ नका, आत दमट हवा कोंडते, जुनी सुती चादर टाका. एसी असेल तर ड्राय मोडवर रोज थोडा वेळ, घर बंद असेल तर कुणाला तरी सांगून आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडायला लावा. हवेतली आर्द्रता मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं, ६० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला फार वाव राहत नाही.

प्रश्न (पुणे): आमच्या सोफ्याच्या पाठीवर डोकं टेकतो तिथे काळा चिकट पट्टा झालाय. बाबा रोज डोक्याला तेल लावतात. आणि एक विचारायचं होतं, कोल्हापुरी चपलेला आपण तेल लावतोच की, मग सोफ्याला का नाही?

उत्तर: दादा, दुसरा प्रश्न फार चांगला विचारलात. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्यावर कमावलेलं असतं आणि वर कसलाच थर नसतो, म्हणून तेल आत मुरतं आणि चामडं मऊ राहतं. सोफ्याचं लेदर बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं आणि वर रंग आणि पॉलिशचा थर असतो. तेल त्या थरावर बसून राहतं, धूळ धरतं, आणि हळूहळू थरच मऊ पाडतं. तुमचा चिकट पट्टा म्हणजे नेमकं हेच, तेल आणि घामाने रंग सुटायला लागलाय.

ताजा डाग असेल तर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर जाडसर पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने झाडा, दोन-तीनदा करा. पाणी लावू नका आणि भांड्याचं लिक्विड तर नकोच, लेदर स्वभावाने किंचित आंबट म्हणजे आम्लधर्मी असतं आणि साबण-सोडा त्याच्या अगदी उलट. पण चिकट झालेला भाग घरी नीट होत नाही हे स्पष्टच सांगते, लेदरचं काम करणारा माणूस तेल ओढून काढणारं औषध लावून परत रंग देतो, तेवढाच भाग करून मिळतो, सगळा सोफा करायची गरज नसते. आणि बाबांचं तेल बंद करू नका हो, पाठीवर एक सुती टॉवेल टाका आणि दर आठवड्याला धुवा.

प्रश्न (डोंबिवली): 'लेदर' म्हणून घेतलेला सोफा तीन वर्षांत खपल्या धरून सोलतोय, खाली कापड दिसतंय. कोणतं कंडिशनर लावू?

उत्तर: कोणतंच नको, पैसे वाया जातील. खाली कापड दिसतंय म्हणजे वर लेदर नाहीच, प्लॅस्टिकचा पातळ थर आहे, आपण ज्याला रेक्झिन म्हणतो त्यातलाच प्रकार. मुंबईच्या दमट हवेत हा पीयूचा (पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचा) थर आतून तुटत जातो आणि एकदा सोलायला लागला की थांबत नाही. सांगाडा आणि फोम चांगला असेल तर सोफेवाल्याकडून कव्हर बदलून घ्या, जाड सुती किंवा कॅनव्हासचं घ्या. पुढच्या वेळी दुकानात विचारा की पूर्ण लेदर आहे की फक्त बसायच्या जागी, कारण बसायची जागा लेदर आणि मागची-बाजूची रेक्झिन असं बरेच जण विकतात. कापलेला तुकडा दाखवायला सांगा, मागून तंतू-तंतू दिसले तर लेदर, विणलेलं कापड दिसलं तर नाही.

प्रश्न (ठाणे): लेकीने बॉलपेनने सोफ्यावर चित्र काढलंय.

उत्तर: ताजं असेल तर लेदरसाठीच्या सौम्य क्लीनरचा थोडा फेस घट्ट पिळलेल्या फडक्यावर घेऊन लगेच हलकं पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, शाईसोबत सोफ्याचा रंगही विरघळतो. आठवडा झाला असेल तर शाई थरात मुरलीये, रंगवूनच जाईल.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे बुरशी नाही, उलट हिवाळ्यात आमच्या लेदर खुर्चीला बारीक भेगा पडतायत.

उत्तर: हीटिंगमुळे घरातली हवा फार कोरडी होते आणि लेदरमधला ओलावा ओढून घेते. खुर्ची गरम हवेच्या व्हेंटसमोर असेल तर आजच हलवा, निदान तीन फूट लांब. जमलं तर ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. आधी धूळ पुसा, मग लेदरचं क्रीम अगदी पातळ, हिवाळ्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा. पडलेल्या भेगा क्रीमने भरत नाहीत, त्या वाढायच्या थांबतात फक्त, खोल गेल्या असतील तर फिलर लावून घ्यावं लागेल.