वाचक विचारतात : मदत जाहीर झाली, मग सरपंच चिडतात कशाला?

प्रश्न : 2025च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. ऑक्टोबरात राज्य सरकारने 31,628 कोटींचं मदतीचं पॅकेज जाहीर केलं. तरी आमच्या गावाकडचे सरपंच सरकारच्याच नावाने बोलतात. महागाई शहरातही आहेच. ग्रामपंचायत स्वतः काय करते?
– एक वाचक, पुणे

उत्तर (परंडा तालुक्यातल्या एका गावच्या सरपंच) :

दादा, मी चिडते हे खरं आहे.

पाणी ओसरल्यावर मी चुलत सासऱ्यांच्या मळ्यात गेले. सोयाबीन गेलं होतंच, पण खाली काळी मातीच उरली नव्हती. नुसता मुरूम. मामा बांध शोधत हिंडत होते आणि बांध सापडत नव्हता.

आता त्या पॅकेजचा हिशोब बघा. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, म्हणजे गुंठ्याला 85. रब्बीच्या बियाण्याला हेक्टरी 10,000 वेगळे. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत. आकडा मोठा दिसतो, पण रोजगार हमीचा पैसा हातात पडत नाही, तो कामातून यायचा. अंदाजपत्रक, मंजुरी, मस्टर म्हणजे मजुरांचा हजेरीपट, हे सगळं होईस्तोवर ज्वारीची पेर थांबते का? गाळ आणायला टिपर आज लागतो आणि त्याच्या डिझेलला पैसे रोख मोजावे लागतात.

मामांचा सातबारा सामाईक. चार भाऊ, त्यातले एक वारलेले, वारसनोंद राहिलेली. कार्यालयात मी तीनदा गेले. एकदा केवायसी नाही म्हणाले, एकदा बाकीच्या भावांचं संमतीपत्र नाही, तिसऱ्यांदा साइट बंद. पंचनाम्याला मी स्वतः चिखलात उभी होते, पण माझ्या सांगण्याला तिथे किंमत नाही. ग्रामसभेने वाचून कायम केलेली यादी धरा, पैसे सोडा, कागद मागाहून घ्या, एवढंच मी मागते आहे.

महागाईचं म्हणाल, तर तुमचा पगार महिन्याला येतो. इथे वर्षाचं उत्पन्न एका पिकावर. सोयाबीनचा 2025-26चा हमीभाव क्विंटलला 5,328 होता, पण भिजून काळं पडलेलं सोयाबीन सरकारी खरेदी केंद्रावर घेत नाहीत, ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की परत. मग आडत्याकडे पडेल त्या भावाने घालायचं. गॅसची टाकी मात्र साडेआठशेच्या वरच. आमच्या वाडीत बायका पुन्हा चुलीकडे वळल्या आणि सरपणही ओलं. त्या धुरात लेकरं अभ्यासाला बसतात, ते बघवत नाही.

ग्रामपंचायत काय करते? पाणीपुरवठ्याची गाळात गेलेली मोटर काढली, आडात औषध टाकलं, शाळा धुऊन घेतली. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे 2025-26पर्यंतच्या, निधीतला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. त्यातून कुणाच्या रानात माती टाकता येत नव्हती.

आमचा तालुका टँकरचा आणि चारा छावण्यांचा. अधिकारी, योजना, आम्ही सुद्धा, सगळे दुष्काळाचं शिकलेलो. आता एका रात्रीत नदी घरात येते, तर धरणातून किती पाणी सोडलं ते गावाला वेळेत कळावं, एवढी तरी सोय हवी. ते मी दर बैठकीत सांगते. लिहून घेतात.

आणि दादा, तुमचं नावही गावाकडच्या सामाईक सातबाऱ्यावर असेल, तर संमतीपत्रावर सही करून या आठवड्यातच पाठवून द्या. मामांचे एक भाऊ पुण्यातच असतात. त्यांची सही अजून आलेली नाही.