साडेसात महिन्यांचे पंतप्रधान: प्येर मेंदेस फ्रान्स

आपला प्रश्न असा आहे की, जून १९५४ ते फेब्रुवारी १९५५ एवढाच काळ फ्रान्स देशाचे पंतप्रधान राहिलेल्या प्येर मेंदेस फ्रान्स यांना पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या द गोल आणि मित्तराँ यांच्या जोडीने का आठवले जाते. माझ्या मते याचे कारण त्यांच्या कारभाराच्या पद्धतीत आहे: निर्णयाची किंमत आधी संसदेला सांगायची, मुदत जाहीर करायची आणि ती पाळता आली नाही तर पद सोडायचे.

ही वृत्ती सत्तेत आल्यावर अंगी बाणलेली नव्हती. १९०७ साली पॅरिसमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले मेंदेस फ्रान्स वयाच्या पंचविसाव्या वर्षी संसदेत निवडून आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी राजवटीने सैन्यातून पळाल्याचा खोटा आरोप ठेवून त्यांना तुरुंगात टाकले, तेव्हा ते जून १९४१ मध्ये तेथून निसटले आणि पुढे लंडन गाठून बॉम्बफेकी विमानांच्या तुकडीत लढले. जर्मनांच्या ताब्यातून फ्रान्स मुक्त झाल्यानंतर द गोल यांच्या सरकारात ते अर्थव्यवस्थेचे मंत्री झाले. चलनवाढ रोखण्यासाठी नोटा बदलून घ्याव्यात आणि बँकखात्यांतील पैसा काही काळ गोठवावा, असा त्यांचा आग्रह होता. द गोल यांनी वित्तमंत्री प्लेवेन यांचा सौम्य मार्ग पत्करला आणि मेंदेस फ्रान्स यांनी एप्रिल १९४५ मध्ये राजीनामा दिला.

इंडोचायना या आग्नेय आशियातील फ्रेंच वसाहतीविषयी त्यांनी १९५० मध्येच संसदेत बजावले होते की, एकतर युद्धासाठी कितीतरी अधिक सैन्य व पैसा द्या आणि त्यासाठीचे कर लोकांकडून मागा, नाहीतर व्हिएतमिन्हशी, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या व्हिएतनामी कम्युनिस्टांच्या आघाडीशी, वाटाघाटी करा. त्या वेळी त्यांचे कोणी ऐकले नाही. ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू हे व्हिएतनाममधील फ्रेंच ठाणे पडले, त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी सरकार कोसळले आणि सूत्रे त्यांच्याकडे आली. २० जुलैपर्यंत युद्धबंदी झाली नाही तर आपण पायउतार होऊ, असे त्यांनी विश्वासमताच्या भाषणातच जाहीर केले. कम्युनिस्टांची मते बहुमतात धरणार नाही असेही सांगितले, आणि ती न धरताही त्यांना बहुमत मिळाले. २० जुलैची रात्र उलटत असताना जिनिव्हात करार झाले. या मुदतीला पुष्कळांनी जुगार म्हटले, पण मला ते पटत नाही. युद्ध लांबवण्यात ज्यांना सोय वाटत होती, त्यांच्या हातातील वेळच या मुदतीने काढून घेतला. व्हिएतनामची सतराव्या अक्षांशावर झालेली फाळणी आणि १९५६ च्या ठरलेल्या निवडणुका कधीच न होणे, हा त्या कराराचा दुबळा भाग होता हे मात्र मान्य केले पाहिजे.

जुलैच्या अखेरीस ट्युनिसला जाऊन त्यांनी ट्युनिशियाला अंतर्गत स्वायत्तता देऊ केली. भारतीय वाचकांना अधिक जवळचा विषय पुदुच्चेरीचा आहे. वर्षानुवर्षे रेंगाळलेला हा प्रश्न त्यांच्या सरकारने लोकप्रतिनिधींच्या मतावर सोपवला. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किळूर येथे १७८ पैकी १७० जणांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले आणि १ नोव्हेंबरला पुदुच्चेरी, कारैकल, माहे व यानम यांचा कारभार भारताकडे आला. त्याच काळात सालाझार यांचा पोर्तुगाल गोव्याच्या हस्तांतरणाचा विषयही काढू देत नव्हता, आणि गोवेकरांना डिसेंबर १९६१ पर्यंत थांबावे लागले.

नेमक्या त्याच १ नोव्हेंबरला अल्जीरियात उठाव झाला, आणि तेथे मात्र मेंदेस फ्रान्स यांची पद्धत लंगडी पडली. अल्जीरिया हा फ्रान्सचाच भाग आहे, ही भूमिका त्यांनी आणि गृहमंत्री मित्तराँ यांनी ठामपणे मांडली व सैन्याची कुमक पाठवली. व्हिएतनामबाबत चार वर्षे आधी जे त्यांना दिसले होते, ते येथे त्यांना दिसले नाही, असे मी म्हणेन. तरीही वसाहतवादी गटाने त्यांना क्षमा केली नाही. ऑगस्टमध्ये युरोपीय संरक्षण समुदायाचा, म्हणजे पश्चिम युरोपीय देशांच्या सामाईक सैन्याचा, करार संसदेत फेटाळला गेल्याने युरोपवादीही दुखावलेले होते, आणि ५ फेब्रुवारी १९५५ रोजी उत्तर आफ्रिकेच्या प्रश्नावर ३१९ विरुद्ध २७३ मतांनी सरकार पडले.

पुढे १९५६ मध्ये समाजवादी पंतप्रधान गी मोले यांच्या मंत्रिमंडळातून त्यांनी अल्जीरियाच्याच धोरणावरून राजीनामा दिला. १९५८ मध्ये सैन्याच्या बंडाच्या धाकाखाली द गोल सत्तेवर आले, तेव्हा मेंदेस फ्रान्स यांनी विरोधात मत दिले आणि त्याच वर्षी आपली जागाही गमावली. राष्ट्राध्यक्षाच्या हाती एवढी सत्ता देणारी पाचव्या प्रजासत्ताकाची (१९५८ पासूनच्या फ्रेंच राज्यव्यवस्थेची) राज्यघटना त्यांना शेवटपर्यंत मान्य झाली नाही, आणि १९८२ मध्ये निधन होईपर्यंत ते पुन्हा कधीही मंत्री झाले नाहीत.