१८९८ मध्ये स्पेनला युद्धात हरवल्यावर अमेरिकेने स्पेनची वसाहत असलेले फिलिपाइन्स ताब्यात घ्यावे की नाही, यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे काय होते?

बाजूने बोलणाऱ्यांचा भर व्यापार आणि नौदलावर होता. कारखान्यांच्या मालाला चीनची बाजारपेठ हवी, तिथवर जाणाऱ्या जहाजांना कोळसा भरायला तळ हवेत, असे नौदल-अभ्यासक अल्फ्रेड मॅहन यांच्या विचारांनी भारावलेले लोक सांगत. आपण सोडले तर जर्मनी किंवा जपान घेईल, ही भीती होतीच. सिनेटर बेव्हरिज तर याला ईश्वरी कार्यच मानत.

विरोधकांचा मुद्दा मला जास्त पटतो. शासितांच्या संमतीवर उभे राहिलेले प्रजासत्ताक दुसऱ्या देशावर संमतीशिवाय राज्य कसे करणार? फिलिपिनो क्रांतिकारकांचे नेते अगिनाल्दो यांनी १२ जून १८९८ लाच स्वातंत्र्य जाहीर केले होते. तरीही डिसेंबरच्या पॅरिस तहात स्पेनला २ कोटी डॉलर देऊन अमेरिकेने ती बेटे घेतली. तिथल्या लोकांना कुणी विचारलेही नाही. मार्क ट्वेन, उद्योगपती कार्नेगी आणि कामगार नेते गॉम्पर्स अशी एरवी एकत्र न येणारी माणसे साम्राज्यविरोधी लीगमध्ये होती. मात्र काही विरोधकांचे कारण निव्वळ वंशद्वेष होते: त्यांना आशियाई लोक अमेरिकेचे नागरिक म्हणून नको होते. हे झाकून ठेवू नये.

६ फेब्रुवारी १८९९ ला सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी तह मंजूर केला. त्याच्या दोनच दिवस आधी मनिलात अमेरिकी सैन्य आणि फिलिपिनो सैनिक यांच्यात लढाई पेटली होती. पुढच्या युद्धात आणि त्यासोबत आलेल्या उपासमारीत व रोगराईत लाखो फिलिपिनो मेले. स्वातंत्र्य मिळाले ते थेट १९४६ मध्ये.